शिंग

श्रावणातल्या एका शनिवारी
भाड्याने दिलेल्या माडीवरून ओटार खाली आला,
म्हणाला, आज तुमच्या ओसरीवर आमचं जेवण.
दोन महिने तो दिवाडीत राहत होता.
नदीपलीकडच्या पडक्या मनोऱ्यापाशी
त्याच्या देशातल्या कुठल्याशा राणीची आठवण आहे म्हणे.
रोज फेरीबोटीने तिला भेटायला जायचा,
येताना आमच्यासाठी गरम उंडे आणायचा.

पाच जॉर्जियन जमले. नानूली पीठ मळत होती.
सुलक्षा तिच्या बोटांकडे बघत राहिली,
मग म्हणाली, अगो, हे तर मोदक!
चुण्या तशाच, मोजून अठरा, एकोणीस.
आत फक्त चून नाही.
मला श्रावण, म्हणून अळमी,
आणि घोटभर रस्सा. तो सांडला तर खाणारा अडाणी.
शेंडी खायची नाही, ताटात ठेवायची.
शेवटी शेंड्या मोजतात.
आमच्याकडे कोणी जेवताना मोजलं
की आई चिडायची.

टेबलाच्या टोकाला ओटार उभा.
तो बोलेपर्यंत पेल्याला हात लावायचा नाही.
आधी तो शांततेसाठी बोलला, मग मातीसाठी,
मग माझ्या ओसरीसाठी,
जिचे वासे मी उधारीवर बदललेत.
मग गेलेल्यांसाठी. तेव्हा सगळे उभे राहिले
आणि पावावर वाइनचे दोन थेंब सांडले.
गाणं कधी सुरू झालं, कळलं नाही.

चाळीस वर्षं मी भजनात पेटी वाजवतोय.
आम्ही वीस जण एकाच शिडीने वर चढतो.
हे तीन वाटांनी गेले.
एक वर, एक मधून,
आणि झुराब खाली, जमिनीलगत, एकच स्वर धरून,
खाजनाचा बांध पाणी धरतो तसा.
मी पेटी ओढली, त्यांचा सूर शोधायला.
काळ्या पट्टीत नव्हता. पांढरीत नव्हता.
दोन पट्ट्यांमधल्या फटीत होता,
जिथे मी आजवर फक्त धूळ पुसली.

नानूली नाचली तेव्हा तिचे पाय दिसलेच नाहीत,
नुसता झगा सरकत गेला, पाण्यात सोडलेल्या दिव्यासारखा.
सुलक्षाने तिला फुगडीला ओढलं.
दोघी पडल्या. खूप हसल्या.

मग ओटारने बैलाचं शिंग आणलं.
माझ्यासाठी त्यात सोलकढी ओतली.
शिंगाला बूड नसतं, म्हणाला,
संपवल्याशिवाय खाली ठेवता येत नाही,
आणि बोलल्याशिवाय संपवायचं नाही.
आता भावांसाठी. तू बोल.

म्हाबळू मालारला राहतो. बांधावरून वीस मिनिटं.
बाबांच्या तेराव्याला फणसावरून जे बोललो
ते शेवटचं. नऊ वर्षं झाली.
तो फणस तर केव्हाच वाळवीने पडला.

मी तोंड उघडलं.
दमट हवेत घुमटाचं कातडं
कितीही थाप मारा, बसकंच वाजतं.
तसं काहीतरी वाजलं.
कोणी हसलं नाही, समजूतही घातली नाही.
झुराबने पुन्हा तो खालचा स्वर लावला
आणि लावूनच ठेवला.

मी उठलो. शिंग भरलेलंच.
सुलक्षाने उरलेले मोदक केळीच्या पानाखाली झाकले,
ताट माझ्या दुसऱ्या हातात दिलं
आणि दिवा घेऊन पायरीपर्यंत आली. बोलली काही नाही.

बांधावर चिखल. मानशीतून भरतीचं पाणी आत येत होतं,
त्यातलं खारं किती, गोडं किती, अंधारात कळेना.
मागे गाणं लहान होत गेलं.
वरचा आवाज आधी विरला, मग मधला.
खालचा बराच वेळ येत राहिला,
की माझ्याच कानात होता, सांगता येत नाही.
दोनदा पाय घसरला.
सोलकढी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली.

म्हाबळूचं कुत्रं नवं होतं, मला ओळखेना.
आत टीव्ही चालू होता.
एका हातात शिंग, दुसऱ्यात ताट,
कडी वाजवायला हात नव्हता.

म्हणून हाक मारली.